उचल जूनमध्ये, हजेरी डिसेंबरात: बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीचा २०२४-२५ चा हंगाम

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका ऊसतोड मजुरांच्या वस्तीचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही, काही खुणाही बदलल्यात, कारण त्या वस्तीवरून आजही गाड्या भरून जातात आणि मुकादमही (मजुरांची टोळी जमवून तोडीला नेणारा) तोच आहे. मी त्या भागात एका छोट्या संस्थेचं काम बघतो, म्हणजे मुख्यतः लोकांचे फॉर्म भरून देणं आणि पंचायत समितीत हेलपाटे मारणं.

पार्श्वभूमी

वस्ती तीसेक घरांची, जमीन मुरमाड, कोरडवाहू. २०२३ ला पाऊस गेला, धारूर, वडवणी, अंबाजोगाई हे तालुके सरकारने दुष्काळी जाहीर केले, त्याची झळ सगळ्या पट्ट्याला लागली. २०२४ ला पाऊस चांगला झाला पण सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि आडतीवर त्याच्या खालीच भाव, म्हणजे पीक आलं तरी हातात काय उरलं ते विचारू नका. दिवाळी झाली की वस्तीवरचे दहाएक कोयते (एक कोयता म्हणजे एक जोडी) सांगली, कोल्हापूर, बेळगावकडं निघतात ते होळी-पाडव्याला परत.

आता बेरोजगारीच्या हिशोबात ही माणसं कुठं बसतात ते बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकड्यानं २०२४ मध्ये जगातला बेरोजगारीचा दर ५ टक्क्यांच्या आसपास होता, ऐकायला बरंच वाटतं. पण त्याच संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातले २०० कोटींवर कामगार असंघटित आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. आपल्याकडच्या सरकारी पाहणीतही मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलेलं असलं तरी चालू आठवड्याच्या हिशोबात माणूस कामावर धरतात. उसाच्या फडात पहाटे चारला उतरणारी बाई बेरोजगार कशी असेल? तिला तर मरायला वेळ नाही. म्हणूनच १९९९ साली संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हुआन सोमाविया यांनी प्रश्न काम आहे का एवढाच ठेवू नका, ते काम कसलं आहे ते बघा, अशी मांडणी केली: रोजगार, कामावरचे हक्क, सामाजिक सुरक्षा आणि कामगाराशी बोलणी, हे चार खांब. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आठव्या नंबरला हेच आहे. वस्तीवर यातलं कुणाला माहीत असायचं कारण नाही, पण चारही खांब कुठं मोडलेत ते त्यांना आपल्यापेक्षा नीट सांगता येतं.

प्रकरणात तीन घरं आहेत. दोन भाऊ आणि त्यांची विधवा चुलती, जिला सगळी वस्ती काकू म्हणते. थोरल्यानं मुलीच्या लग्नासाठी उन्हाळ्यातच एक लाख वीस हजार उचल (मुकादम हंगामाआधी देतो ती आगाऊ मजुरी) घेतलेली. धाकट्यानं पेरणीला फक्त तीस हजार उचललेले, बाकीची उचल दसऱ्याला घ्यायची असं ठरलेलं. काकूला आणि तिच्या एकोणीस वर्षांच्या पोराला मुकादम उचल द्यायलाच तयार नव्हता, काकूच्यानं आता मोळी उचलत नाही असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं होतं असंही नाही.

अडचण नेमकी काय होती

सप्टेंबरात बचत गटाच्या बैठकीत धाकट्याची बायको म्हणाली, "पोरगी नववीला हाय. पुढच्या साली धावी. औंदा मी जायची न्हाई, ह्यांना जायचं तर जाऊ द्या." तालुक्याला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिथं पोरीला ठेवायचं का असं सीआरपी ताईंनी (गावात बचत गटांचं काम बघणाऱ्या कार्यकर्तीनं) विचारलं. पोरीचा लहान भाऊ पाचवीतला, त्याला कुठं ठेवायचं, असा तिचा उलटा प्रश्न. आणि एकटा नवरा गेला तर तो अर्धा कोयता, मुकादमाला जोडी पाहिजे. म्हणजे तिनं नाही म्हटलं की दोघंही घरी.

घरी राहायचं तर पाच महिने खायचं काय आणि घेतलेले तीस हजार फेडायचे कसे? मग आम्ही कागद घेऊन हिशोबाला बसलो.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला ३६६ रुपये. एक जोडी दिवसाला दीड-पावणेदोन टन तोडते, म्हणजे दोघांचे मिळून साडेपाचशे ते साडेसहाशे. त्याच वर्षी रोजगार हमीचा दर दिवसाला २९७, दोघांचे ५९४. म्हणजे जवळपास तेवढेच! एकीकडं पहाटे चारला थंडीत फडात, रात्री ट्रॅक्टर आला की गाडी भरायला उठायचं, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहायचं, आजारी पडलं तर खाडा आणि वर दंड, आणि दुसरीकडं घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आठ तासांचं काम. कुणीही म्हणेल मग लोक जातातच कशाला.

जातात कारण मुकादम पैसे जूनमध्ये देतो. रोजगार हमी पैसे देते ते काम झाल्यावर, मस्टर (हजेरीपट) बंद झाल्यावर पंधरा दिवसांत, असं कायदा म्हणतो. पेरणी, लग्न, दवाखाना, हे सगळं मजुरीच्या आधी येतं. माझं तर स्पष्ट मत आहे की या पट्ट्यात मुकादम मजुरीच्या दरावर जिंकत नाही, तारखेवर जिंकतो, आणि सरकारी योजना आखणारे नेमका हाच मुद्दा सोडून बाकी सगळं आखतात.

दुसरी गोम अशी की त्या हंगामात शंभर दिवस हे कुटुंबामागे होते. जोडीनं कामाला गेलं तर पन्नास दिवसांत ते संपायचे. महाराष्ट्रात त्यापुढचे दिवस राज्य सरकारच्या पैशातून द्यायचे असायचे, कागदावर वर्षभर हमी होती. पण शंभर गुणिले २९७ म्हणजे २९,७००. त्याला लाखाच्या उचलीशेजारी ठेवून बघा.

कोणते पर्याय समोर होते

पहिला, जसं चाललंय तसं चालू द्यायचं. दुसरा, चाकण नाहीतर वाळूजला कंत्राटदाराकडं लागायचं, वस्तीवरची चार-पाच पोरं तिकडं आहेत. पण खोलीभाडं, खाणावळ जाऊन उरत नाही आणि बायकापोरांना नेता येत नाही, म्हणून तो लगेच बाजूला पडला.

तिसरा पर्याय मी मांडला तो कायद्याचा. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात कर्जाच्या बदल्यात जबरीनं काम करून घेणं गुन्हा आहे आणि तसलं कर्ज रद्द धरतात. तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. थोरल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, उद्या रात्री लेकराला फेफरं आलं तर तहसीलदार पन्नास हजार देतील का? हा देतो." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. शिवाय मुकादम शेजारच्या गावचा, नात्यागोत्यातला, आणि त्यानंही वाहतूकदाराला स्टॅम्प पेपर आणि कोरे चेक देऊन ठेवलेले. त्याच्या वरची साखळी मोठी आहे, तो त्यातली खालून दुसरी कडी.

चौथा, रोजगार हमीचं काम मागायचं. हे आपल्या राज्याचंच लेकरू आहे खरं तर. वि. स. पागेंनी साठच्या दशकात विसापूरला प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर आधाराला आली, १९७७ ला कायदा झाला, आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्याला त्यातूनच वाट सापडली. पगारदारांच्या पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापतात ना, तो याच हमीसाठी सुरू झाला होता. ज्या मराठवाड्यानं खडी फोडून ही योजना जगवली तिथंच आज काम मागायला गेलं की "कशाला त्या भानगडीत पडता" असं ऐकायला मिळतं.

पाचवा पर्याय थोरल्यासाठी होता: उचल फिटणार नाही, जावं तर लागणारच, पण निदान टनाचा हिशोब आपल्याकडं लिहिलेला ठेवून जायचं.

काय केलं

धाकट्याच्या घरानं गटाचं कर्ज आणि रोजगार हमी अशी जोड घालायचं ठरवलं. ग्रामसंघानं (गावातल्या बचत गटांचा संघ) तीस हजार दिले, महिन्याला शेकडा एक व्याजानं. आता पहिला अवघड प्रसंग आला. पैसे परत द्यायला गेल्यावर मुकादम म्हणाला टोळी तुटली, माझं नुकसान झालं, वरून दहा हजार द्या. धाकटा चिडून उठला होता. त्याच्या बायकोनं त्याला बसवलं आणि म्हणाली की दोन हजार देऊ, पण लिहून द्या की आता काही बाकी नाही. शेवटी वहीच्या फाटक्या कागदावर "हिशोब नील, यापुढे मागणी नाही" एवढंच लिहून मुकादमानं सही केली, दोन साक्षीदारांनी केली, आणि तिनं तिथंच त्याचा मोबाईलवर फोटो काढला. ते दोन हजार द्यायची गरज नव्हती असं आमच्या ऑफिसातल्या काहींचं म्हणणं. मला वाटतं त्या बाईनं स्वस्तात सुटका करून घेतली, कारण जानेवारीत तोच मुकादम दारात येऊन बसला असता तर त्या कागदाशिवाय तिच्या हातात काहीच नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धाकट्याचं घर, काकू आणि आणखी सहा घरांनी नमुना ४ भरून काम मागितलं. रोजगार सेवक म्हणाला फॉर्म कशाला, तोंडी सांगा, मी बघतो. तोंडी सांगितलं की काम द्यायच्या मुदतीचे पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, हे त्यालाही माहीत असतं. दोन चकरा झाल्यावर तारखेची पावती मिळाली.

तेवढ्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. झालं, नवीन काम निघणार नाही. पण चालू काम बंद ठेवा असं आचारसंहिता सांगत नाही, आणि गायरानावर सलग समतल चरांचं (पाणी अडवायला उताराला आडवे खोदायचे चर) एक काम उन्हाळ्यात सुरू होऊन अर्धवट पडलेलं होतं. ते शोधून काढलं सीआरपी ताईंनी, आम्हा संस्थावाल्यांना ते सुचलंही नव्हतं. तरी तांत्रिक सहायक जागेवर येऊन आखणी करून मस्टर निघेपर्यंत २० नोव्हेंबरचं मतदान उलटून गेलं.

दरम्यान मागणीचे पंधरा दिवस केव्हाच होऊन गेले होते. कायद्यानं तिथून पुढं बेरोजगार भत्ता लागू होतो, पहिल्या तीस दिवसांना निदान पाव मजुरी. हा दुसरा अवघड प्रसंग. भत्त्याचा अर्ज टाकायचा की नाही यावर दोन बैठका झाल्या. टाकला तर रोजगार सेवक, ग्रामसेवक सगळे बिथरणार आणि निघतंय ते कामही लांबणार, असं बहुतेकांना वाटलं. नाही टाकला.

थोरला मतदान करून दुसऱ्या दिवशी गाडीत बसला. जाताना ठरलं की प्रत्येक खेपेच्या वजनाच्या पावतीचा फोटो तो व्हॉट्सॲपवर टाकणार आणि धाकट्याची नववीतली पोरगी तो वहीत उतरवणार. शंभर पानी वही, चार रकाने: तारीख, पावती नंबर, टन, खाडा. पावती ट्रॅक्टरवाल्याकडं असायची, तो बघू द्यायला कुरकुर करायचा, मग चहा पाजून फोटो काढायचा. कारखान्याच्या पावतीवर सगळ्या टोळीचा ऊस एकत्र असतो, त्यामुळं आपल्या वाट्याचं टनेज किती हे त्याच संध्याकाळी ठरवून लिहिलं नाही तर नंतर सगळा गोंधळ.

निकाल

चरांचं काम नोव्हेंबरच्या शेवटी सुरू झालं. मजुरी मोजमापावर असते, जेवढं खोदाल तेवढं. जमीन तोवर वाळून दगड झालेली, टिकाव मारला की ठिणगी. त्यामुळं २९७ ऐवजी सरासरी २४० च्या आसपास पडले. हजेरी ॲपवर, सकाळ-दुपार दोनदा फोटो काढून. डोंगरात रेंज नाही, दुपारचा फोटो काढून मेट (कामावर देखरेख करणारा) खाली पाणवठ्यापर्यंत चालत यायचा आणि तिथं अपलोड करायचा, त्यात दोन दिवसांची हजेरी अर्धी पडली ती पडलीच.

काकूची तऱ्हा वेगळीच. पहिल्या मस्टरचे पैसे सगळ्यांना आले, तिला नाही. ती दर दोन दिवसांनी तालुक्याला बँकेत जायची, पासबुक छापून आणायची, कोरं. शेवटी कळलं की लाडकी बहीणसाठी तिनं जुलैत नवीन खातं काढलेलं, आधार त्या खात्याला जोडलं गेलं, आणि आधारवरून जाणारी मजुरी तिकडं जमा होत होती. पैसे सुखरूप होते, पण ते तिकडं पडलेत हे कळेपर्यंत तिनं किराणावाल्याकडं उधारी करून ठेवली होती. त्या काळात तिचं घर चाललं ते त्या दीड हजारावर, असं ती स्वतः सांगते.

डिसेंबरची मजुरी बऱ्यापैकी वेळेवर आली. जानेवारीची मात्र होळी झाल्यावर. काकूच्या पोराला तेवढा धीर निघाला नाही, जानेवारीतच वीस हजार उचल घेऊन तो दुसऱ्या एका टोळीत गेला. काम होतं, हजेरी लागत होती, तरी गेला, कारण पैसे नव्हते.

धाकट्याच्या घराचे शंभर दिवस जानेवारीअखेरीस भरले. रोजगार सेवक म्हणाला संपलं. राज्याच्या खात्यातून पुढं चालू राहतं हे तालुक्याला जाऊन वदवून आणावं लागलं, आणि नवीन मस्टर निघायला तीन आठवडे गेले. त्या मधल्या दिवसांत दोघं हरभऱ्याच्या काढणीला गेले. ग्रामसंघाचे दोन हप्ते थकले, तेव्हा सीआरपी ताईंनी बैठकीत यांची बाजू धरली, नाहीतर व्याजावर दंड लागला असता. चोवीसेक हजार त्या शंभर दिवसांचे आणि थोडी शेतमजुरी, एवढीच पाच महिन्यांची कमाई. पोरगी वर्षभर एकाच शाळेत राहिली. बायकोच्या वाट्याची मजुरी पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या खात्यावर आली, कारण फडात जोडीचा हिशोब नवऱ्याच्या नावावरच होतो. त्यातून तिनं आधी शिलाई मशीन घ्यायचं म्हटलं होतं, मग गटाचा हप्ता भरला.

थोरला मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच परत आला. त्या वर्षी ऊसच कमी, कारखाने लवकर बंद पडले, राज्याचं साखर उत्पादन आदल्या हंगामातल्या ११० लाख टनांवरून ८० लाख टनांच्या आसपास आलं. साडेतीन महिन्यांत जोडीनं तोडला १६० टन, दरानं ५८ हजार आणि काही. मुकादमाच्या वहीत मात्र १४० टन. हे वीस टन म्हणजे सात हजारांवर रुपये. पोरीची वही आणि मोबाईलमधले पावत्यांचे फोटो समोर ठेवल्यावर थोडी बाचाबाची झाली, "तुम्ही आमच्यावर इश्वास ठेवना का" वगैरे झालं, आणि अखेर १५७ वर मिटलं. खाड्याचा दंड तेवढा कापलाच. तरी एक लाख वीस हजारांतले साठेक हजार बाकी राहिले आणि ते पुढच्या हंगामावर फिरले. ऊस कमी असणं ही थोरल्याची चूक नव्हती, पण कारखाना लवकर बंद झाल्याचा भुर्दंड त्याच्याच अंगावर.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी तारीख. काम मागायची तयारी ऑक्टोबरात सुरू झाली तेव्हा बहुतेक घरांनी उचल घेऊन झालेली होती. गटाचं कर्ज मे-जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर मिळालं असतं तर कदाचित धाकट्यानं ते तीस हजार मुकादमाकडून घेतलेच नसते, आणि फक्त दोन हजार वाचले असते असं नाही, सगळी घासाघीसच टळली असती. थोरल्याची गोष्ट वेगळी, लाखभराचं लग्न ग्रामसंघाच्या आवाक्यात नाही, तिथं हा मार्ग चालत नाही हे मान्य करून बोललेलं बरं.

चरांचं काम पावसाळा सरता सरता, जमिनीत ओल असताना घेतलं असतं तर त्याच अंगमेहनतीत मोजमाप जास्त भरलं असतं. ते तेव्हाच घ्यायचं तर आराखड्यात आणि ग्रामसभेत त्याचा विषय वेळेत यायला हवा. त्या ग्रामसभेला वस्तीवरचे लोक जातच नाहीत, कारण ठराव आधीच लिहिलेले असतात असं त्यांचं म्हणणं.

भत्त्याच्या अर्जावर मतभेद आजही आहेत. माझं मत, टाकायला हवा होता, निदान एका घराच्या नावानं. पैसे मिळालेच असते असं सांगत नाही, पण उशीर कुणाकडून झाला हे कागदावर आलं असतं. काकूचं मत उलटं: "अर्ज करून तुम्ही घरी जाता, आमाला त्याच सेवकाच्या तोंडाकडं बघायचं असतं." वस्तीवर राहणाऱ्याचं मत जास्त वजनाचं धरावं लागतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी आता आम्ही सगळ्या गावांत पहिल्या मस्टरच्या आधी करतो: प्रत्येकाचं आधार कोणत्या बँकेच्या खात्याला जोडलंय ते मोबाईलवर बघून जॉबकार्डाच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

जून २०२५ मध्ये धाकट्याच्या घरानं उचल घेतली नाही, पेरणीला गटाकडून पंधरा हजार घेतले आणि कामाची मागणी पावतीसह टाकली, नवीन दर ३१२. थोरल्यानं जुन्या बाकीवर आणखी चाळीस हजार उचलले. त्यानं मुकादमापुढं दोन अटी ठेवल्या, वजनाची पावती रोज दाखवायची आणि बायकोच्या वाट्याचा हिशोब वेगळा लिहायचा. पहिली मान्य झाली, दुसरीवर मुकादम नुसता हसला. काकूचा पोरगा सध्या चाकणला आहे.